बाळ तीन दिवसांचं आहे, सारखं रडतंय, पाजताना खूप दुखतं. दूध पुरत नसेल का?

नुसत्या रडण्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका. पहिले दोन-तीन दिवस फक्त घट्ट, पिवळसर चीक येतो, एका वेळी जेमतेम चमचाभर, आणि बाळाला तेवढा पुरतो. भरपूर दूध साधारण २ ते ५ दिवसांत उतरतं. सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा.

दुखतंय म्हणजे आधी पकड पाहा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला चिकटलेली. तोंडात फक्त बोंड नको, भोवतालचा काळा भागही हवा, खालचा जास्त. टोचत राहिलं तर ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. हे दहा वेळा करावं लागलं तरी करा, कारण चुकीच्या पकडीनेच चिरा पडतात आणि बाळही उपाशी राहतं. छाती दगडासारखी झाली असेल तर आधी हाताने थोडं दूध काढा, मग बाळाला धरता येतं.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा, झोपाळू बाळाला उठवूनसुद्धा.

पुरतंय का, हे लघवीवरून कळतं: पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान ६ वेळा. लघवी फार कमी असेल, बाळ प्यायलाही उठत नसेल, कावीळ वाढत असेल, किंवा तुम्हाला ताप येऊन स्तन लाल झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी काही दिवस वरचं दूध सांगितलं तर अपराधी वाटून घेऊ नका; सोबत अंगावर पाजत राहा.