आधी कन्फॉर्मल प्रेडिक्शन शिकून घे

अरे डेटा सायन्स शिकताना एकदम सगळ्यावर तुटून पडू नकोस, कॉझल इन्फरन्स, बेजियन वगैरे स्टॅटिस्टिक्सचे बाकीचे विषय नंतर, आधी कन्फॉर्मल प्रेडिक्शन घे, म्हणजे मॉडेलच्या अंदाजाभोवती भरवशाची रेंज काढायची पद्धत. आयडिया तशी जुनी, ती मांडणाऱ्या व्होव्क वगैरे संशोधक मंडळींचं पुस्तकच 2005 चं, पण डेटा सायन्सवाल्यांना ती सापडली अलीकडे.

समज तुझं मॉडेल म्हणतंय पार्सल 42 मिनिटांत पोचेल. ठीक, पण किती इकडेतिकडे? त्यासाठी मॉडेलला हातच लावायचा नाही. ट्रेनिंगमधे न वापरलेल्या 99 ऑर्डरी बाजूला ठेव, प्रत्येकीत अंदाज किती मिनिटांनी चुकला ते काढ, चुका लहान ते मोठ्या अशा लाव आणि 90 वी उचल. ती 11 मिनिटं आली तर रेंज 31 ते 53, पुढची ऑर्डर त्यात बसायची शक्यता किमान 90 टक्के, मग मॉडेल रँडम फॉरेस्ट असो की न्यूरल नेटवर्क, चुका नॉर्मल डिस्ट्रिब्युशनने, म्हणजे घंटेच्या आकारात, पसरल्यात असं गृहीत धरायची भानगडच नाही.

गोची एवढीच की नवा डेटा जुन्यासारखाच हवा. मी एकदा मे महिन्यातली रेंज जुलैच्या धो धो पावसातल्या ऑर्डरींना लावली, निम्म्या बाहेर, मीटिंगमधे जी काही निघाली माझी! शिवाय ते 90 टक्के सरासरीचे असतात, शहरात 97 आणि गावाकडे 70 असंही होतं, म्हणून गटवार तपासच. पायथनमधे लायब्ऱ्या आहेत पण पहिल्यांदा हातानेच लिही, दहाएक ओळींचं तर काम आहे.