कॉमस्टॉकची पहिली गिरणी आणि पॉलचं श्रेय

अमेरिकेत नेव्हाडातल्या कॉमस्टॉक या चांदीच्या खाणपट्ट्यात खनिजातून पाऱ्याने चांदी काढायला वापरलेली 'वॉशो' पद्धत अल्मरिन पॉलने शोधली का, आणि मेक्सिकोत तीनशे वर्षं चाललेली पद्धत तिथे का चालली नाही, असं तुम्ही विचारलंय. आधी दुसरा प्रश्न घेतो.

मेक्सिकोतली पातिओ पद्धत बार्तोलोमे दे मेदिनाने पाचूका इथे १५५४ च्या सुमारास बसवली. दळलेल्या खनिजाचा चिखल फरसबंद अंगणात पसरायचा, त्यात मीठ, तांब्याचे क्षार आणि पारा घालायचा, खेचरांकडून तुडवून घ्यायचा आणि बाकीचं काम उन्हावर सोपवायचं. चांदी पाऱ्यात उतरायला कित्येक आठवडे लागत. कॉमस्टॉकवरचं खाणगाव व्हर्जिनिया सिटी सहा हजार फुटांवर, हिवाळा कडक. तिथे हे जमणं कठीणच होतं.

पॉल कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या गिरण्यांत तयार झालेला माणूस. साठ दिवसांत गिरणी उभी करायची, या बोलीवर त्याने खाणवाल्यांशी करार केले, यंत्रं सिएरा पर्वत ओलांडून आणवली आणि ११ ऑगस्ट १८६० रोजी गोल्ड कॅन्यनमध्ये गिरणी चालू केली. उखळात मुसळ पडावं तशा लोखंडी ठोकळ्यांखाली खनिज फुटायचं. मग ते लोखंडी कढयांत वाफेवर गरम ठेवून पारा, मीठ आणि मोरचूद घालून घुसळायचं. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

खरी गंमत कढईच्या लोखंडात आहे. मीठ आणि मोरचुदामुळे खनिजातल्या चांदीचं क्लोराइड होतं. लोखंड त्यातली चांदी मोकळी करतं आणि पारा ती धरतो. लोखंड नसेल तर हे काम पाऱ्यालाच करावं लागतं आणि तो त्यात खर्ची पडतो.

आता श्रेयाचं. गरम कढईत पाऱ्याने चांदी काढण्याची रीत आल्व्हारो आलोन्सो बार्बा या धर्मगुरूने आजच्या बोलिव्हियात १६०९ मध्येच वापरली होती. फक्त त्याची कढई तांब्याची होती. सोन्याच्या गिरण्यांत लोखंडी कढया आधीपासून होत्याच. त्यामुळे पॉलला मी शोधक म्हणणार नाही. हे सगळं एकत्र आणून गिरणीच्या मापात चालवलं, हे मात्र त्याचं कर्तृत्व, आणि ते मला मोठं वाटतं. पुढे इतर गिरणीवाल्यांनीही पद्धत घासूनपुसून घेतली. कोणी कढईत सेजब्रश झुडपाचा काढासुद्धा ओतून पाहिला!

तरीही पारा वाया गेलाच, हजारो टन. तो तिथल्या कार्सन नदीच्या गाळात अजून आहे. अमेरिकी सरकारने १९९० मध्ये त्या पट्ट्याची नोंद घातक प्रदूषित स्थळांच्या यादीत केली.