पगारातले दोनशे रुपये जातात कुठं?

प्रश्न : मी चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. आठ महिने झाले ओव्हरटाइम बंद, आता तर आठवड्याला पाचच दिवस काम. पण पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून २०० रुपये मात्र दर महिन्याला बरोबर कापलेले असतात आणि फेब्रुवारीत तर चक्क ३००. मंदीत हा कसला टॅक्स? आणि टीव्हीवर बघावं तर विधानभवनाच्या पायऱ्यांवर नुसत्या घोषणा, नाहीतर सभात्याग. आमच्यासारख्यांचे दिवस वाईट असतात तेव्हा हे लोक कधी काही करतात का, खरं सांगा.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : भाऊ, आधी फेब्रुवारीचं कोडं सोडवू. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये लिहिलंय की व्यवसाय कर, म्हणजे तुमचा पीटी, एका माणसाकडून वर्षाला २५०० च्या वर घ्यायचा नाही. मग अकरा महिने दोनशे-दोनशे म्हणजे २२००, उरलेले ३०० एका महिन्यात, हिशेब पुरा. बायकांना २५ हजार पगारापर्यंत हा कर नाही, पुरुषांना मात्र दहा हजाराच्या वर गेलं की पूर्ण.

आता हा टॅक्स आला कुठून, तर त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना बहात्तरच्या दुष्काळाचं विचारा, खडी फोडायची, वाटायला सुकडी, रेशनवर लाल मिलो ज्वारी, ते सगळं सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पण ती कामं सरकारी आदेशावर चालायची, पाऊस पडला की बंद, आणि पुढच्या वर्षी पोटाची वेळ आली की मजूर परत कुणाच्या तरी दारात 'काम द्या हो' म्हणत उभा.

त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. माणूस सांगली जिल्ह्यातला. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची, आणि १९६५ पासून तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही चाललेला. बहात्तरनंतर ती राज्याची योजना झाली. पण पैसा कुठून आणायचा? तर १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, म्हणजे ज्याच्या हातात नोकरी-धंदा आहे त्याने थोडं द्यायचं आणि ज्याच्या हातात काही नाही त्याला त्यातून काम. सोबत मोटार कर, विक्रीकर, बागायती जमीन यांच्यावरही जादा आकारणी लावली आणि या करांतून जितका पैसा गोळा होईल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. मग १९७७ चा रोजगार हमीचा कायदा, तो २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. योजना वसंतराव नाईकांच्या काळातली आणि कायदा लागू झाला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार, मधे सरकारं पडली, माणसं बदलली, तरी हमी टिकली कारण ती जीआरमध्ये नव्हती, कायद्यात होती. पुढे २००५ मध्ये दिल्लीने देशभरासाठी कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

जीआर आणि कायदा यांतला हा फरक मला फार मोठा वाटतो. कोविडमध्ये बघा, १ सप्टेंबर २०२० पासून घरखरेदीची स्टॅम्प ड्युटी डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांनी आणि मग मार्चपर्यंत २ टक्क्यांनी कमी केली. बिल्डर खूश, घर घेणारे खूश, नोंदणी ऑफिसात गर्दी. पण तो सरकारचा आदेश, मुदत संपली की सवलत संपली, आणि तुमच्यासारख्या तासावर पगार असलेल्याला त्याचा काय उपयोग? त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन तर ७ आणि ८ सप्टेंबर असं दोनच दिवसांचं. साथ होती हे मान्य, पण दोन दिवसांत पुरवणी मागण्या, म्हणजे सरकारचे जादा खर्च, मंजूर होतात, चर्चा कसली होणार.

तुमची खरी तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मी पुसणार नाही. रोजगार हमी ही मुळात ग्रामीण भागासाठी. म्हणजे चिंचवडचा कामगार पैसे भरतो आणि त्याचंच काम गेलं तर त्याला या कायद्यात जागा नाही. बहात्तरला शहरात गिरण्या चालू होत्या, वाईट दिवस गावात होते, तेव्हा हे बरोबर होतं. आता वाईट दिवस एमआयडीसीत पण येतात. राजस्थानच्या विधानसभेने २०२३ मध्ये शहरी आणि ग्रामीण दोघांनाही १२५ दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तो जमिनीवर किती उतरला हा वेगळा विषय, पण तसा विचार तरी तिथे झाला. ज्या राज्याने ही गोष्ट देशाला शिकवली तिथे शहरासाठी तो का होऊ नये, हे तुमच्या आमदाराला विचारायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे द्राक्षाची कामं संपली की मजुरी नाही. ग्रामपंचायतीत काम मागायला गेलं की 'सध्या काही नाही, आलं की सांगतो' म्हणतात. किती वेळा जायचं?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : ताई, तोंडी कितीही वेळा गेलात तरी ती मागणी झालीच नाही असं धरतात, गोम इथेच आहे. चार-पाच जणी मिळून लेखी अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज पंचायत समितीत तहसीलच्या गावी नेऊन द्या, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. रोजगार हमीच्या कायद्याने त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता, आणि भत्ता द्यायची वेळ आली की का कोण जाणे पण काम सापडतं. तरी नाही झालं तर विधिमंडळाची स्वतःची रोजगार हमी योजना समिती असते, त्यात आमदार असतात, ते जिल्ह्यात दौऱ्यावर येतात. आले की पोच घेऊन समोर जायचं. कागद नसेल तर त्यांच्यासमोर अधिकारी सरळ म्हणतात, मागणीच नाही.

प्रश्न : कोविडमध्ये आमदारांनी पगार कापून घेतला होता ना? मग मंदीत का नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, २०२० मध्ये वर्षभरासाठी ३० टक्के. दिसायला बरं, पण राज्याच्या खर्चापुढे ते चिल्लर. मला आमदाराच्या पगारापेक्षा त्याच्या तारांकित प्रश्नात, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्यात, जास्त इंटरेस्ट आहे, तुमच्या भागातल्या बंद कारखान्यावर त्याने एक तरी टाकलाय का बघा.