घरकुल 269 चौरस फुटांचंच का?

प्रश्न : आम्हाला घरकुल मंजूर झालं आहे. ग्रामपंचायतीत 269 चौरस फूट सांगतात, मिस्तरी फूट आणि सुतात बोलतो, रेती ब्रासनं येते. मोठी पोरगी नववीत आहे. ती म्हणते, आमच्या पुस्तकात तर सगळं मीटर आणि किलोग्राम. मग शाळेतलं माप शिकून उपयोग काय? आणि 269 हा असा अडनिडा आकडा काऊन?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी 269 चं सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरलेलं आहे. एका चौरस मीटरमध्ये 10.76 चौरस फूट बसतात. गुणाकार केला की 269 येतात. मूळ आकडा मीटरमधला, म्हणून तो सरळ आहे. फुटात नेला आणि अडनिडा झाला. पोरीला हे आधी दाखवा. तिच्या पुस्तकातलं माप तुमच्या घराच्या पायव्यातच आहे.

सळाखीचं नीट समजून घ्या, कारण तिथे पैसे आणि घराची मजबुती दोन्ही अडकलेली असतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. मिस्तरी ‘चार सुती आणा’ म्हणतो तेव्हा हिशेबानं ती 12.7 मिलिमीटरची व्हायला हवी. पण दुकानात मिळते 12 एमएमची. कारखान्यात 8, 10, 12, 16 एमएम अशाच सळाखी निघतात. जाडीतला फरक लहान दिसतो, पण लोखंड जवळपास दहावा हिस्सा कमी होतं. यात दुकानदाराची लबाडी नाही. नकाशावर इंजिनिअरनं 12 एमएमच धरलेली असते. लबाडीला जागा होते ती सुताच्या मोघम बोलण्यात. ‘तीन सुती’ म्हणून कोणी 10 एमएम देतो, कोणी 8 एमएम देऊन मोकळा होतो. म्हणून दुकानात मागणी एमएममध्येच करा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

आयटीआयत फिटरच्या पोरांना मी एक ताळा पाठ करून घेत असे: जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, 162 नं भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 एमएमची एक मीटर सळाख 888 ग्रॅम, 10 ची 617, 8 ची 395. कापलेला एक मीटरचा तुकडा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. थोडं इकडेतिकडे चालतं. पण 10 ची म्हणून घेतलेली 400 ग्रॅमच्या आसपास भरली, तर ती 8 ची आहे. हे काम पोरीला करू द्या.

ब्रासचं सोपं आहे. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली आतून फुटात मोजा. 10 लांब, 6 रुंद आणि रेतीची उंची दीड फूट असेल तर 90 घनफूट झाले. गाडीवाला एक ब्रास म्हणत असेल तर 10 घनफूट कमी आहेत, आणि हे रिकामी व्हायच्या आधी बोलायचं असतं.

आता तिचा खरा प्रश्न, की शाळेत मीटरच का. आपल्या देशात 1956 साली मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक मापं आली. शेर, मण बाजारातून गेले, कापूस क्विंटलनं विकू लागलो. बांधकामात मात्र फूट राहिला, कारण मिस्तरी हे काम उस्तादाच्या हाताखाली शिकतो, पुस्तकातून नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण फुटाचा आधारही मीटरच आहे. 1959 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी मिळून इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर असं ठरवून टाकलं.

मीटरची खरी सोय हिशेबात आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमच्या 25 चौरस मीटरच्या छतावर 10 मिलिमीटर पाऊस झाला तर 250 लिटर, म्हणजे 200 लिटरचा सव्वा ड्रम. हे तोंडी जमतं. हेच फूट, इंच आणि गॅलनमध्ये करायला कागद लागेल. विज्ञानाच्या पुस्तकात मीटर असतो तो यासाठी.

आणि दोन मापांची सरमिसळ झाली तर काय होतं, तेही तिला सांगा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. त्याच्या छोट्या इंजिनांच्या जोराचे आकडे एका प्रणालीनं पाउंडात दिले, दुसरीनं ते न्यूटन समजून घेतले. फरक जवळपास साडेचार पट. यान ठरल्यापेक्षा फार खालून, मंगळाच्या वातावरणात गेलं.

तुम्ही विचारलं नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण अशी सरमिसळ आपल्या वावरात दर हंगामात होते. सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे, आपण एकरात बोलतो. औषधाच्या डब्यावरच्या पत्रकात मात्रा बहुधा हेक्टरी असते. हेक्टर म्हणजे 2.47 एकर. पत्रकात हेक्टरी 500 मिली असेल तर एकराला 200 मिलीच. एकराला 500 समजून पऱ्हाटीवर फवारलं, तर अडीच पट विष जातं; फवारणाऱ्याच्या अंगावर आणि श्वासातही तेवढंच जास्त. कृषी केंद्रातून डबा आणला की पत्रकावरचं एकक पोरीकडून वाचून घ्या. हेक्टर लिहिलं असेल तर अडीचनं भागून, एकराचा आकडा डब्यावरच पेननं लिहायला सांगा, आणि मगच झाकण उघडा.