तारीख पेन्सिलीने लिहायची

बारावी सायन्सच्या एका सतरा वर्षांच्या मुलाची आई जुलै २०२४ मध्ये समुपदेशनासाठी आली. (ओळख कळू नये म्हणून गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.) तिने बसता बसताच विचारलं, “सिनेमाचंसुद्धा व्यसन लागतं का हो?”

झालं होतं असं. ‘पुष्पा २’ हा अल्लू अर्जुनचा सिनेमा १५ ऑगस्टला येणार म्हणून मुलाने कित्येक महिने आधीपासून दिवस मोजले होते. १७ जूनला निर्मात्यांनी तारीख पुढे ढकलून ६ डिसेंबर केली. त्यानंतर दोन दिवस तो धड जेवला नाही, क्लासला गेला नाही, खोलीचं दार लावून बसला. पुढे जेवायला लागला, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन हातात. दुसऱ्या नटाच्या चाहत्यांशी ऑनलाइन भांडणं आणि सकाळी कॉलेजला जाताना डोळे लाल. वडिलांचं म्हणणं होतं, फोन काढून घ्यायचा, विषय संपला.

ही तक्रार नवी नाही. नट बदलतो, सिनेमा बदलतो, काळजी तीच असते. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

आधी व्यसनाचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. सिनेमाची वाट बघणं हा आजार म्हणून कुठेही नोंदलेला नाही. आवडत्या गोष्टीची आतुरतेने वाट बघणं हे निरोगी मनाचं लक्षण आहे, आणि सतराव्या वर्षी ते जोरात असणारच. म्हणून आईला चारच गोष्टी विचारल्या: झोप किती, जेवण कसं, कॉलेजला जातो का, प्रत्यक्षातले मित्र भेटतात का. जेवण आणि मित्र ठीक होते. कॉलेजला जात होता, पण पेंगत. झोप मात्र पाच तासांवर आली होती. या वयाला आठ ते दहा तास लागतात. म्हणजे दुरुस्ती झोपेची आणि फोनची करायची होती. सिनेमाच्या प्रेमाला हात लावायची गरज नव्हती, आणि लावला असता तर मुलगा दुसऱ्या भेटीला आलाच नसता.

पहिल्या भेटीत मुलगा मान खाली घालून बसला होता. विषय सिनेमाचा निघाला तसा खुलला. पहिला भाग १७ डिसेंबर २०२१ चा, दुसऱ्याचा टीझर नायकाच्या वाढदिवशी म्हणजे ८ एप्रिलला, पहिलं गाणं १ मेला: सगळं तोंडपाठ. दिवसातून किती वेळा अपडेट बघतोस, असं विचारल्यावर म्हणाला, “पाच-सहा वेळा.” फोनच्या सेटिंगमध्ये वापराची नोंद दाखवणारं ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडायला सांगितलं. आदल्या दिवशी फोन १३१ वेळा उघडलेला होता. तो स्वतःच चकित झाला.

मग एका आठवड्यासाठी वही दिली. चार रकाने: किती वाजता उघडला, कशासाठी, काय मिळालं, आणि ते खरोखर नवीन होतं का. फोन कमी वापर असं काही सांगितलं नव्हतं, फक्त लिहायचं. आठवड्याने वही परत आली ती सिनेमाच्या दीडशेवर नोंदी घेऊन. चौथ्या रकान्यात ‘हो’ फक्त दोनदा होतं. बाकी सगळीकडे जुनंच पोस्टर नव्या मथळ्याखाली, कुणीतरी बनवलेला खोटा ट्रेलर, आकड्यांचे अंदाज, भांडण.

इथे त्याला मेंदूचं गणित समजावलं. दर वेळी हमखास मिळणाऱ्या बक्षिसाची ओढ लवकर ओसरते. कधी मिळतं, कधी नाही अशा बक्षिसाची ओढ मात्र सुटता सुटत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने हे कबुतरांवर दाखवलं होतं: दाणा केव्हा पडेल ते ठाऊक नसलं की कबुतर कळ टोचतच राहतं. दीडशेत दोन बातम्या खऱ्या निघतात, म्हणूनच उरलेल्या वेळीही हात फोनकडे जातो. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मी सिनेमासाठी बघतच नाहीये.” पुढचं काम या वाक्यामुळे सोपं झालं.

दुसऱ्या भेटीत कागदावर सिनेमा येण्याच्या पायऱ्या लिहिल्या. घोषणा, टीझर, गाणी, ट्रेलर, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, आगाऊ बुकिंग, पहिला खेळ. मोठ्या सिनेमाचा ट्रेलर बहुधा शेवटच्या महिन्यात येतो. प्रमाणपत्र मिळालं की अचूक लांबी कळते. आगाऊ बुकिंग साधारण शेवटच्या आठवड्यात उघडतं. मधल्या काळात खरं सांगण्यासारखं फारसं घडत नसतं. संकलन, डबिंग, ध्वनी, व्हीएफएक्स म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं, ही कामं बंद दाराआड चालतात आणि तारखा सरकतात त्याही याच कामांमुळे. या सिनेमाचंही चित्रीकरण आणि पुढचं तांत्रिक काम उरलं होतं. त्याला वाटत होतं की आपल्याला फसवलं. प्रत्यक्षात पाच-सहा भाषांत एकाच दिवशी लागणाऱ्या सिनेमाची एक कडी मागे राहिली तरी सगळी गाडी थांबते.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्याने १५ ऑगस्टच्या चौकटीत लाल पेनाने गोल काढला होता आणि जूनमध्ये त्यावर इतकी खाडाखोड केली होती की कागद फाटला होता. त्याला एकच नियम दिला: तिकीट हातात पडेपर्यंत तारीख पेन्सिलीने लिहायची. त्याने ६ डिसेंबर पेन्सिलीने लिहिली. ऑक्टोबरच्या अखेरीस सिनेमाची तारीख एक दिवस अलीकडे, ५ डिसेंबरवर आली. त्याने खोडरबरने सहा पुसून पाच केलं, आणि त्या दिवशी जेवलाही व्यवस्थित.

रोजची घडी अशी बसवली. निर्मात्यांच्या एकाच अधिकृत पानाची सूचना चालू, बाकी सगळ्यांच्या बंद. बघायच्या वेळा दोन: क्लासहून आल्यावर साडेपाचला पंधरा मिनिटं आणि जेवणानंतर नऊला पंधरा मिनिटं. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आईवडिलांचेही तिथेच. वडिलांना हे शेवटचं रुचलं नाही, पण त्याशिवाय हा नियम आठवडाभरही टिकत नाही असाच अनुभव आहे. उठायला साधं गजराचं घड्याळ आणलं, कारण ‘गजरासाठी फोन लागतो’ ही सबब हमखास येते. भांडणांसाठी वेगळा नियम होता: उत्तर आधी वहीत लिहायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग वाटलं तर टाकायचं. पहिल्या आठवड्यात अकरा उत्तरं वहीत लिहिली गेली. त्यातली दोनच बाहेर पडली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑगस्टमध्ये चाचणीचे गुण कमी आले आणि वडिलांनी फोन कपाटात ठेवला. चार दिवसांत मुलगा मित्राच्या फोनवर तासन्‌तास बसायला लागला आणि घरी खोटं बोलायला लागला. फोन काढून घेतल्याने उत्सुकता जात नाही, ती नजरेआड जाते. वहीही थांबली. पुन्हा सुरू व्हायला तीन आठवडे लागले.

दुसरी चूक जास्त नाजूक होती. वडील म्हणाले, “नव्वद टक्के पडले तरच तिकीट.” ऐकायला रास्त वाटतं. पण सिनेमा ५ डिसेंबरला आणि बोर्डाची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीपासून. मग नव्वद टक्के कशात मोजायचे? सराव परीक्षेत मोजले तर मुलगा सिनेमासाठी अभ्यास करेल, आणि सिनेमा बघून झाला की अभ्यासाचं कारणच संपेल, नेमके शेवटचे दोन महिने उरलेले असताना. तिकीट ओलीस ठेवायचं नाही, असं ठरलं. सिनेमा तो बघणारच. अटी फक्त त्या दिवसापुरत्या: आदल्या रात्री दहाला झोप, दुपारचा क्लास बुडवायचा नाही, वडील सोबत.

आईला वाटत होतं, पहिला खेळ कशाला, रविवारी जाऊ. पण चाहत्याला पहिल्या खेळात सिनेमाइतकीच ती गर्दी, त्या शिट्ट्या हव्या असतात, आणि ही हौस चुकीची नाही. शिवाय तीन दिवस कथा कानावर पडू नये म्हणून जी कसरत करावी लागते तिच्यात अभ्यासाचा अधिक चुराडा होतो. हिशेब मांडला: लांबी तीन तास वीस मिनिटं, मध्यंतर आणि जाहिराती धरून पावणेचार तास. सकाळी सातचा खेळ पकडला तर अकरापर्यंत बाहेर, एकचा क्लास गाठता येतो. ४ तारखेच्या रात्री आधीच होणाऱ्या खास खेळांना मात्र ठाम नाही.

ट्रेलर १७ नोव्हेंबरला आला, महिन्याच्या शेवटी बुकिंग उघडलं. तिकीट मिळालं त्या संध्याकाळी त्याने पेन्सिलीच्या पाचवर लाल पेन फिरवलं.

४ डिसेंबरच्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरबाहेर खास खेळाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली. एक आई दगावली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. या मुलाला ते सिनेमा बघून बाहेर आल्यावर फोनवर कळलं. पुढच्या भेटीत तो सिनेमाबद्दल फार बोललाच नाही. “मी तिथे असतो तर मीपण पुढे घुसलो असतो,” म्हणाला. तो तास याच वाक्याला दिला. गर्दीत कसं वागायचं तेही बोललो: आसन क्रमांक असलेलं तिकीट असेल तर दारावर ढकलाढकलीची गरज नसते, नट येणार असेल तिथून लांब राहायचं, खेळ सुटल्यावर पाच-दहा मिनिटं जागेवर बसून राहायचं, लहान मुलांना पहिल्या खेळाला न्यायचं नाही.

पालकांना सहसा माहीत नसतं असं आणखी एक. सिनेमा बघून झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पोकळी येते. महिनोन्‌महिने ज्याची वाट बघितली ते संपलेलं असतं. हा मुलगाही रविवारी उदास होता. आईला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ती “आता तरी अभ्यासाला लाग” म्हणाली नाही. तिने त्याला सिनेमाची गोष्ट विचारली. दीड तास तो सांगत होता.

आमची मदत कुठे पुरत नाही तेही सांगायला हवं. जेवण-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कॉलेज पूर्ण सुटलं असेल, तिकिटासाठी घरातून पैसे गेले असतील किंवा मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर सिनेमा हे निमित्त आहे, मूळ दुसरीकडे आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञच हवा. जिवाचं बोलणं निघालं तर दोन आठवडेही थांबायचं नाही. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येतं.

१७ जानेवारीला वीस मिनिटांचे वाढीव प्रसंग घालून तोच सिनेमा पुन्हा लागला. परीक्षेला महिनाही उरला नव्हता. आईचा घाबऱ्या आवाजात फोन आला. मुलाशी बोलून घ्या, एवढंच तिला सुचवलं. संध्याकाळी तिने कळवलं: त्याला सकाळीच माहीत होतं, साडेपाचच्या पंधरा मिनिटांत मित्रांशी बोलून झालं, आणि नव्या वर्षाच्या कालनिर्णयवर मार्चच्या पानाच्या कडेला त्याने ‘वीस मिनिटं’ असं लिहून ठेवलं आहे. पेन्सिलीने.