पंप बंद होईपर्यंत थांबा

गच्चीवरून : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत: फोनवरून चालणारी, पिशवीत मावणारी ‘स्मार्ट’ दुर्बीण. म्हणून या वेळचं सदर तिलाच देऊन टाकते. माझ्याकडे सीस्टार एस50 आहे, दुसरा हिवाळा चाललाय. खाली जे लिहिलंय ते कोथरूडच्या गच्चीवर डास मारत शिकलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावं.

*ताई, मुलगा नववीत आहे. त्याला शनीची कडी बघायची आहेत. साठ हजारांपर्यंतची स्मार्ट दुर्बीण घेऊन द्यावी का? – एक आई, बाणेर*

शनीसाठी घेणार असाल तर नको. या यंत्राला डोळा लावायची जागाच नसते. समोर भिंग, मागे कॅमेऱ्याचा सेन्सर, खाली मोटर, आणि दिसतं ते सगळं फोनवर. शिवाय भिंगाचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) कमी: एस50 मध्ये 250 मिलिमीटर. त्यामुळे आकाशाचा बराच मोठा तुकडा चित्रात येतो आणि ग्रह त्यात हरवतात. हिशोब करून बघा. एस50 चा एक पिक्सेल म्हणजे साधारण 2.4 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). शनीची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे चाळीस विकला. म्हणजे 1920 पिक्सेल लांबीच्या चित्रात तुमचा शनी जेमतेम सतरा पिक्सेलांचा. साबुदाण्याच्या दाण्याला कान फुटल्यासारखा दिसतो. माझ्या भाच्यानं पाहिला आणि “मावशी, हा फोकसमध्ये नाहीये” म्हणाला. होता.

शनी, गुरू, चंद्रावरची विवरं डोळ्यांनी बघायची हौस असेल तर त्याच किंवा त्याहून कमी पैशांत सहा इंची डॉब्सोनियन (डोळा लावून बघायची, आरशाची साधी दुर्बीण) घ्यावी. दिसायला गिझरच्या टाकीसारखी, हातानं ढकलायची, वीज लागत नाही. फक्त मुलाला आधीच सांगून ठेवा की मार्च 2025 मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, म्हणजे जवळपास गायबच. आता ती हळूहळू उघडताहेत, तेव्हा पुस्तकातल्या चित्राइतकी ऐसपैस इतक्यात दिसणार नाहीत.

आणि पैसे टाकण्यापूर्वी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून दाखवा. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासूनची. तिथली मंडळी आकाशदर्शनाला नेतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतही गर्दी करून यावं. मुलगा डोळा लावून “अरे!” म्हणाला तर डॉब्सोनियन. आणि “याचा फोटो कसा काढायचा?” म्हणाला, तर मग ही छोटी.

*स. न. वि. वि. माझ्या नातवानं सदाशिव पेठेतल्या गच्चीवरून असलं यंत्र लावून मला मृगातला तेजोमेघ (वायूचा चमकता ढग) गुलाबी-जांभळा दाखवला. या गच्चीवरून मला धड सप्तर्षी दिसत नाहीत. यंत्रात आधीच भरून ठेवलेले फोटो दाखवतात, असा माझा संशय आहे. – एक ज्येष्ठ वाचक*

आजोबा, संशय रास्त आहे आणि पेठेला शोभणाराही आहे. पण फोटो खरा आहे.

यंत्र काय करतं ते सांगते. आधी ते आकाशाचा एक फोटो काढतं, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी पोटातल्या नकाशाशी जुळवतं आणि आपण कुठे बघतोय ते ओळखतं. मग मृगाकडे वळतं आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो काढत सुटतं. एकेक सुटा फोटो बघाल तर अगदीच भिकार: करडा, कणीदार, मध्ये एक फिकट डाग. हे फोटो ते तारे ताऱ्यांवर बसवून एकावर एक रचतं.

घरी रांगोळीचे छापे असतील. छाप्याच्या जाळीवर रांगोळी घालून एकदाच टकटक केलं तर जमिनीवर चार दाणे पडतात, त्यातले दोन भलतीकडे. त्याच जागी शंभर वेळा टकटक करा. भलतीकडचे दाणे कधी इथे कधी तिथे पडून विरळच राहतात, नक्षीतले मात्र नक्षीतच साठत जातात. तेजोमेघाचा प्रकाश म्हणजे नक्षीतले दाणे, आणि फोटोतली कणी म्हणजे भलतीकडचे. एका तासात असे 360 फोटो होतात. मात्र ही कमाई सावकाश होते: कणी निम्मी करायला वेळ चौपट द्यावा लागतो. दहा मिनिटांचा फोटो दुप्पट स्वच्छ हवा तर चाळीस मिनिटं, आणखी दुप्पट हवा तर दोन तास चाळीस मिनिटं. डोळ्याला हे जमत नाही, कारण तो प्रकाश साठवून ठेवत नाही. म्हणून आपल्याला तो डाग दिसलाच तर राखाडी दिसतो, आणि यंत्राला रंग सापडतो.

राहिला पुण्याचा उजेड. एस50 च्या पोटात एक गाळणी आहे, ती हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा 501 च्या आसपासचा हिरवट-निळा असे दोन पट्टे आत सोडते, बाकीचं बरंचसं अडवते. मृगातला तेजोमेघ, धनू राशीतला लगून, जंबुक तारकासमूहातला डंबेल ही तेजोमेघांची मंडळी नेमक्या याच रंगांत उजळतात, म्हणून ती पेठेतूनही निघतात. दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकासंघांचं, तसं नाही. त्यांचा प्रकाश असंख्य ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा, आणि आपले रस्त्यावरचे पांढरे एलईडीसुद्धा सगळ्या रंगांचे. गाळणी कुणाला अडवणार? दीर्घिकांसाठी अमावास्येला पानशेत-वेल्ह्याकडे जावं लागतं, त्याला इलाज नाही.

तरी खात्री हवी असेल तर दोन परीक्षा. फोटो चालू असताना भिंगासमोर आपली टोपी धरा. यंत्र लगेच कुरकुर करतं, तारे सापडत नाहीत म्हणतं. दुसरी जास्त मजेची: वेस्टा हा लघुग्रह आकाशात असेल त्या दिवसांत नातवाला त्याच जागेचे लागोपाठ दोन रात्री फोटो काढायला सांगा आणि शेजारी ठेवा. एक ‘तारा’ सरकलेला दिसेल. भरून ठेवलेल्या फोटोत तो सरकणार नाही.

*सीस्टार एस50, एस30 की ड्वार्फ 3? – हडपसर, सिंहगड रस्ता, निगडी, आणि आणखी अकरा जण*

एस50 चं भिंग 50 मिलिमीटर व्यासाचं, वजन अडीच किलो, चित्रात साधारण 1.3 अंश बाय पाऊण अंश एवढं आकाश मावतं. एस30 चं भिंग 30 मिलिमीटरचं, वजन पावणेदोन किलोच्या आत, आकाश सुमारे 2.1 बाय 1.2 अंश. ड्वार्फ 3 चं भिंग 35 चं, वजन 1.3 किलो, आणि आकाश जवळजवळ तीन बाय 1.6 अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश असतो, त्यावरून अंदाज येईल. देवयानी दीर्घिका, 25 लाख प्रकाशवर्षांवरची, आकाशात तीन अंशांपर्यंत पसरलेली आहे. माझ्या एस50 मध्ये तिचं पोट येतं, हातपाय बाहेर. तुकडे जोडून मोठं चित्र करायची सोय आहे, पण मग वेळ तिप्पट-चौपट जातो. कृत्तिकांचंही तेच. उलट डंबेलसारखी लहान वस्तू ड्वार्फमध्ये टिकलीएवढी येते.

तेव्हा काय टिपायचंय ते आधी ठरवा. एकाच गच्चीवरून चंद्र, गोलाकार तारकागुच्छ आणि लहान तेजोमेघ टिपणार असाल तर एस50. स्कूटरच्या डिकीत टाकून भोरकडे निघणाऱ्यानं लहानांपैकी एक घ्यावं. बाजारात आली तेव्हा एस50 499 डॉलरला होती आणि एस30 349 ला. इथे त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. विक्रेत्याच्या किमतीत ते धरलंय का आणि दुरुस्ती भारतात होते का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. तोंडी उत्तरं फार गोड असतात.

*माझ्या फोटोतले तारे शेंगदाण्यासारखे येतात, आणि तासभर लावूनही फोटो पंधरा मिनिटांचाच होतो. यंत्र सदोष आहे का? – वारजे*

आधी यंत्र ठेवता कुठे ते सांगा. माझं ऐका.

पहिले पंधरा दिवस माझंही अगदी हेच. उंच जागा बरी म्हणून मी दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवायची. पातळी साधली, होकायंत्र जुळवलं, पाय घट्ट केले. तरी घड्याळात चाळीस मिनिटं झालेली आणि फोनवर फोटो अकरा मिनिटांचा. विक्रेत्याला तीन कडक पत्रं लिहिली. चौथं लिहायच्या आधी सहज सुटे फोटो वेळेनुसार लावून बघितले. नऊ ते नऊ चाळीस: तारे फुगलेले, जोडलेले. नऊ एक्केचाळीसपासून टाचणीच्या टोकासारखे. आमच्या सोसायटीचा पंप नऊला सुरू होतो. पंप तळमजल्यावर, मी सातव्यावर, पण पाण्याचा उभा पाइप कट्ट्याला टेकूनच वर येतो. कट्ट्यावर तळहात ठेवला तेव्हा कळलं: रिकाम्या बसच्या सीटसारखा थरथरत होता. हललेला फोटो यंत्र स्वतःच टाकून देतं, म्हणून मिनिटं पुढे सरकत नव्हती. विक्रेत्याला चौथं पत्र माफीचं गेलं.

आता दुर्बीण गच्चीच्या मधोमध, फरशीवर. टाकीच्या लोखंडी स्टँडपासून आणि सोलरच्या सांगाड्यापासून लांब, कारण लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं. आणि पंप बंद होईपर्यंत मी खाली वरण-भात उरकून घेते.

पंप निर्दोष निघाला तर दुसरी गोष्ट बघा. हे यंत्र डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलत ताऱ्यामागे जातं, पण आकाश फिरतं ध्रुवाभोवती. त्यामुळे चित्र हळूहळू गरगरतं आणि रचलेल्या फोटोचे कोपरे वाया जातात. पुण्याच्या अक्षांशावर, साडेअठरा अंशांवर, हे जास्तच जाणवतं. डिसेंबरात रात्री नवाच्या सुमारास मृगातला तेजोमेघ पूर्वेला असतो, तेव्हा चित्र ताशी चार-पाच अंश वळतं. तोच मध्यरात्री दक्षिणेला डोक्याजवळ आला की ताशी तब्बल 35. म्हणून पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेली वस्तू धरा, डोक्यावरची सोडा.

यावर ‘ध्रुवाकडे कलवून लावा’ असा उपाय परदेशी मंडळी सांगतात, आणि यंत्रात तशी सोयही आहे. पण त्यांचा ध्रुव पन्नास अंशांवर, आपला साडेअठरावर! आपल्याकडे यंत्र जवळजवळ आडवं झोपवावं लागतं आणि तिवई पुढे कलंडते. करणारच असाल तर तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला, कललेल्या यंत्राच्या खाली घ्या आणि मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगा. आमच्या ध्रुवासमोर तर नवी बारा मजली इमारत आली आहे, त्यामुळे माझा प्रश्न परस्पर सुटला.

कमी अक्षांशाचा फायदाही घ्या की. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनवाल्यांना घरून कधीच दिसत नाही. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्याकडे तो दक्षिणेला 24 अंश वर येतो. एस50 वर वीस मिनिटं द्या. खसखस सांडल्यासारखा येतो.

*सूर्याचा फोटो काढता येतो का? – दहावीतला विद्यार्थी, चिंचवड*

येतो, डागही दिसतात. सूर्याची गाळणी भिंगावर आधी चढवायची, मग यंत्र सूर्याकडे वळवायचं. काढताना उलटा क्रम. गाळणी सैल बसत असेल तर चिकटपट्टी लावून घे. आणि यंत्र नेमतोयस म्हणून स्वतः वर बघू नकोस.

*फोटो हिरवट येतात, तुमच्या फोटोंसारखे नाहीत. – कर्वेनगर*

फोनवर येतो तो जेपीजी सोडा. यंत्रातून ‘फिट्स’ फाइल (फोटोचा कच्चा, न दाबलेला माल) संगणकावर घ्या आणि सिरिल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आधी पार्श्वभूमीचा उजेड काढा, मग रंग जुळवा, मग ताणा, म्हणजे फिकट भाग उजळवा. याच क्रमानं. पहिल्या रविवारी डोकं उठेल, तिसऱ्या रविवारी हात बसेल. रंग भडक करायचा मोह आवरा. माझ्या पहिल्या मृगाला नवरा “फालुदा” म्हणाला होता.

*पावसाळ्यात चार महिने यंत्र पडून होतं. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलंय. – धायरी*

बुरशी आहे. रुमालानं पुसू नका, स्पिरिट तर मुळीच लावू नका, भिंगावरचा लेप जाईल. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाला आधी दाखवा, आणि वॉरंटी असेल तर उघडायच्या आधी विक्रेत्याला विचारा. पुढच्या जूनमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, दाणे रंग बदलले की तव्यावर मंद भाजून पुन्हा वापरता येतात. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा चालू करून बघा. माझा डबा पूर्वी पिठाचा होता. घासून, दोन दिवस उन्हात वाळवून मगच वापरायला काढला, तरी पहिल्या आठवड्यात दुर्बिणीला ज्वारीचा वास येत होता.