टीम गाव सोडून गेली, मुलाला काय सांगू?

पत्र : ताई, आम्ही मूळचे सोलापूरचे, माझं माहेर आणि सासर दोन्ही तिथलंच. बरीच वर्षं झाली, कॅलिफोर्नियात ओकलंडला लागून असलेल्या सॅन लिआंड्रोमध्ये राहतो. मुलगा बारा वर्षांचा आहे. ओकलंडची बेसबॉल टीम, ॲथलेटिक्स, गाव सोडून गेली तेव्हा खूप रडला. आता तो विषयच काढू देत नाही. टोपी आणि जर्सी पिशवीत कोंबून गॅरेजमध्ये टाकलीय. त्याचे बाबा म्हणाले, ‘खाडीपलीकडे जायंट्स आहेत की, त्यांना सपोर्ट कर.’ त्यावर बाबांशी बोलणंच सोडलं. सोलापूरहून आजोबा फोनवर म्हणतात, खेळाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. आणि मला टोचतंय ते वेगळंच. सुट्टीत सोलापूरला नेलं की याला दोन दिवसांत कंटाळा येतो, पण त्या टीमसाठी जीव टाकतो. टीम सध्या सॅक्रामेंटोजवळ खेळते, गाडीनं फार लांब नाही. न्यावं का त्याला मॅचला?

उत्तर : ताई, आधी जायंट्सचं बोलू, कारण घरातला अबोला तिथून सुरू झालाय. बाबांनी चांगल्या मनानं सुचवलं असणार. पण ओकलंडच्या पोराला सॅन फ्रान्सिस्कोची टीम धर म्हणणं त्याला किती लागलं असेल, हे बेसबॉलशी संबंध नसलेल्या माणसाला लवकर कळत नाही. 1989 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, याच दोन टीममध्ये झाली. मधेच मोठा भूकंप झाला, सामने थांबले, पुन्हा सुरू झाले आणि ओकलंडनं चारही सामने जिंकले. खाडीच्या अलीकडचा कष्टकरी गाव आणि पलीकडचं श्रीमंत शहर, ही तिथली जुनी चुरस आहे. तुमचा मुलगा ती चुरस शाळेतल्या मित्रांकडून, स्टेडियममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांकडून शिकलाय. त्याला वाटलं, बाबांना माझं गावच माहीत नाही.

आणि त्याच्या गावाचं काय झालं तेही पाहा. 2019 मध्ये बास्केटबॉलची वॉरियर्स टीम ओकलंड सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. 2020 मध्ये अमेरिकन फुटबॉलची रेडर्स लास वेगासला गेली. ती तर 1982 मध्येही एकदा लॉस एंजेलिसला जाऊन 1995 मध्ये परत आली होती. उरली होती ॲथलेटिक्स, 1968 पासूनची. 1972, 1973, 1974 आणि 1989 अशी चार विजेतेपदं त्या टीमनं ओकलंडला दिली. 26 सप्टेंबर 2024 ला कोलिझियम या तिच्या ओकलंडच्या स्टेडियममधला शेवटचा सामना झाला, 46,889 लोक आले, टीम 3-2 नं जिंकली आणि निघून गेली. पाच वर्षांत एका गावाच्या तिन्ही मोठ्या टीम गेल्या. बारा वर्षांच्या मुलाच्या हिशेबात हे त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य आहे. ‘खेळच तर आहे’ हे वाक्य घरातून काढून टाका, आजोबांनाही तसं प्रेमानं सांगा.

लोक प्रेम करत नव्हते म्हणून टीम गेली, असं कुणी त्याच्यासमोर बोललं तर त्याला 13 जून 2023 ची आठवण करून द्या. रिकाम्या खुर्च्या दाखवून मालक गाव सोडायची भाषा करत होता. तेव्हा चाहत्यांनी आपसात ठरवून एका साध्या मंगळवारी स्टेडियम भरवलं. 27,759 माणसं आली. ‘टीम विका’ असं मालकाला सांगणारे हिरवे शर्ट घालून आली, ढोल घेऊन आली. त्याच आठवड्यात नेवाडा राज्यानं वेगासच्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. स्टेडियम कुठं बांधायचं, पैसा कुणाचा, जागा कुणाची, यावर सगळं ठरलं. मुलांच्या प्रेमात कमी पडण्यासारखं काही नव्हतं, आणि हे त्याला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. बऱ्याच मुलांना आतून वाटतं की आपण पुरेसं ओरडलो नाही.

आता तुमच्या टोचणीकडे येते, कारण माझ्या मते पत्रातलं खरं दुखणं ते आहे. सोलापूरनं त्याला काय दिलंय आजवर? नातेवाइकांची घरं, पाया पडणं, दुपारचं ऊन आणि ‘किती मोठा झाला गं!’ हे सगळं मायेचं आहे, पण ते आपल्या माणसांचं आहे. गाव आपलं होतं ते अनोळखी माणसांसोबत. कोलिझियममध्ये तो अशा माणसाच्या शेजारी उभा राहून ओरडला असेल ज्याचं नावही त्याला माहीत नव्हतं, आणि चेंडू कुंपणापार गेल्यावर दोघांनी एकमेकांना टाळी दिली असेल. तुम्ही लहानपणी सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक बघताना गर्दीत उभ्या राहिल्या असाल. तेव्हा आजूबाजूची सगळी माणसं ओळखीची थोडीच होती? त्याला सोलापुरात असं कधी उभंच केलेलं नाही. जानेवारीत सुट्टी जुळवता आली तर त्याला गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत न्या, आणि घरच्यांच्या घोळक्यात ठेवू नका. एखाद्या मावसभावाबरोबर गर्दीत सोडा. पार्क मैदानावर काही सामना चालू असेल तर तिथं बसवा, मग तो क्लबचा का असेना. 2024 च्या जानेवारीत तिथं महाराष्ट्र आणि मणिपूरचा रणजी सामनाही झाला. क्रिकेट कळत नाही म्हणाला तर त्याच्या शेजारी बसलेलं कुणीतरी समजावेल, आपल्याकडे त्यासाठी माणूस शोधावा लागत नाही.

एक गोष्ट त्याला नक्की सांगा, कारण त्यात तो एकटा उरणार नाही. 2023 मध्ये क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा ‘सोलापूर रॉयल्स’ नावाची टीम होती. सामने सगळे पुण्याजवळ गहुंजेला. सोलापूरच्या नावाची टीम सोलापुरात एकही सामना खेळली नाही. 2025 च्या हंगामात सहा टीममध्ये सोलापूरचं नाव नव्हतं; रायगड होतं, सातारा होतं. इथल्या पोरांनी त्या नावावर जीव लावायला नुकती सुरुवात केली होती. मला याचं वाईट वाटतं, आणि गावाचं नाव वापरणाऱ्यांनी गावाला निदान दोन सामने तरी द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

आजोबांना या कामाला लावा. खेळाचं त्यांना कळत नसेल, पण सोलापूरच्या त्यांच्या पिढीला हे कळतं की ज्यावर गाव उभं होतं ते एक दिवस उठून जातं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या कापडगिरण्यांचे एकामागून एक भोंगे बंद झाले. पत्ता सांगताना लोक अजूनही जुन्या मिलचं नाव घेतात. आजोबांनी नातवाला उपदेश न करता फक्त हे सांगावं: कोण कुठल्या खात्यात होतं, भोंग्यावर घराचं घड्याळ कसं चालायचं, मिल बंद झाल्यावर गल्लीत काय झालं. नातू ऐकेल. ओकलंडमध्ये जे घडलं ते आजोबांच्या गावातही घडलंय, हे त्याला दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

तुमच्या मनात कुठंतरी भीती आहे की हा ओकलंडचा झाला तर सोलापूरचा उरणार नाही. सोलापूरच्या माणसानं ही भीती बाळगू नये. तेलंगणातून विणकामासाठी आलेली पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू बोलतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतात, आणि ती नसती तर सोलापुरी चादरीचं नाव झालंच नसतं. त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही नक्की कुठले.

आता टीमचं पुढं काय करायचं. जगात हे अनेक गावांवर आलंय आणि गावांनी वेगवेगळे मार्ग काढलेत. मला सर्वांत भावतो तो लंडनच्या विम्बल्डनचा. तिथल्या फुटबॉल क्लबला 2002 मध्ये मिल्टन कीन्सला, म्हणजे साधारण साठ मैलांवर, जायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी काही आठवड्यांत आपला नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला मैदानात खुली चाचणी ठेवली. अगदी तळाच्या, नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली, 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि 2020 मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर नवं स्टेडियम बांधून परत आले. क्लब चाहत्यांच्या मालकीचा आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडनं वेगळा हट्ट धरला: 1996 मध्ये अमेरिकन फुटबॉलची टीम बाल्टिमोरला गेली, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि इतिहास गावानं ठेवून घेतला आणि 1999 मध्ये त्याच नावाची टीम पुन्हा उभी राहिली.

ओकलंडमध्येही सुरुवात झालीय. ‘ओकलंड बॉलर्स’ ही छोटी बेसबॉल टीम 2024 पासून वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये खेळते. चाहत्यांना त्यात भागीदारी घेता आली. 2025 मध्ये त्यांनी पायोनियर लीग ही छोट्या टीमची स्पर्धा जिंकली. तुमच्या मुलाला ही टीम माहीत असणार. तिकीट मोठ्या टीमपेक्षा स्वस्त असतं, खेळाडू जवळून दिसतात, आणि कोलिझियममधले बरेच ओळखीचे चेहरे तिथं भेटतात. त्याला ती ‘खरी’ टीम वाटणार नाही कदाचित. वाटलीच पाहिजे असा आग्रह धरू नका.

सॅक्रामेंटोचं विचारलंत. टीम सध्या वेस्ट सॅक्रामेंटोत एका लहान मैदानावर खेळते आणि नावापुढे कुठल्याच गावाचं नाव लावत नाही, नुसतं ॲथलेटिक्स. वेगासचं स्टेडियम 2028 ला तयार व्हायचंय. न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका. अचानक तिकिटं हातात ठेवून त्याला आनंदाचा धक्का देण्याचा विचार असेल तर तो सोडा, कारण मुलासमोर एकतर तुमचं मन मोडायचं नाहीतर स्वतःचं, असा पेच पडेल. साधं विचारा: ‘तुला जायचंय का? नसेल तर तेही ठीक.’ काही चाहते एखाद्या आवडत्या खेळाडूसाठी टीमच्या मागे जातात, काही पुन्हा कधी पाहत नाहीत. दोन्ही प्रामाणिक आहेत. आज नाही म्हणाला आणि पुढच्या वर्षी हो म्हणाला, तर ‘तेव्हा तर एवढा रडलास’ असं कुणी चिडवायचं नाही, हे घरात आधीच ठरवा.

थोडा सावरला की त्याला हेही कळू द्या की ही टीम ओकलंडमध्ये जन्मली नव्हती. 1901 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली, 1955 मध्ये कॅन्सस सिटीला गेली, आणि तिथून 1968 मध्ये ओकलंडला आली. म्हणजे 1967 च्या शेवटी कॅन्सस सिटीतही त्याच्याएवढं कुणीतरी रडलं असणार. खाडीपलीकडची जायंट्सही 1958 मध्ये न्यूयॉर्कहून आलीय. ही माहिती आत्ताच, समजूत घालायला म्हणून दिलीत तर त्याला वाटेल तुम्ही मालकाची बाजू घेताय. तो स्वतः विचारेल तेव्हा सांगा.

पिशवी गॅरेजमध्येच राहू द्या. साफसफाईत चुकूनही दान पेटीत जाऊ देऊ नका.

बाबांनी मात्र फार थांबू नये. त्याच्या खोलीत जाऊन बसावं आणि मुलाला विचारावं की कोलिझियममध्ये पाहिलेला त्याचा सर्वांत आवडता सामना कुठला. आउट, इनिंग काही कळलं नाही तर मधेच थांबवून विचारावं, त्याला समजावून सांगू द्यावं. जायंट्सचं नाव त्या संध्याकाळी काढू नये.